अंडाशयाचा कर्करोग आणि पेशींचे निरोप



ज्या डॉक्टरबाईंच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होतं, त्यांची एक शिस्त त्यांच्याबरोबर काम केलेल्या मंडळींनी मला सांगितली. पन्नाशीच्या आसपासची बाई "पोट फुगल्यासारखं वाटतं, दोन घास खाल्ले की पोट भरतं" असं म्हणत आली, तर तिला गॅसची गोळी देऊन वाटेला लावायचं नाही. आडवं झोपवून पोट तपासायचं, आणि तक्रार दोन-तीन आठवडे टिकली तर सोनोग्राफी करायचीच. बायकांचं पोट दुखणं 'नेहमीचंच' म्हणून बाजूला सारणाऱ्या आपल्या घरांत आणि दवाखान्यांत ही शिस्त दुर्मीळ आहे. आजचा विषय मी तिथूनच उचलला. मात्र मी डॉक्टर नाही. पेशींचा अभ्यास हे माझं काम. तेव्हा रोग कसा बरा करावा हे मी सांगणार नाही. या रोगात पेशी काय करतात आणि त्यांना ते करायला कोण सांगतं, एवढ्यापुरतंच बोलेन.

२०२२च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी सुमारे ४७ हजार स्त्रियांना अंडाशयाच्या कर्करोगाचं निदान झालं आणि सुमारे ३३ हजार स्त्रिया त्या रोगाने गेल्या. स्तन आणि गर्भाशयमुख यांच्यानंतर आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये याच कर्करोगाचा क्रमांक लागतो. संख्येने तो स्तनाच्या कर्करोगाच्या जवळपासही नाही, पण ज्यांना होतो त्यांच्यातल्या फार थोड्यांना सोडतो. कारण सगळे सांगतात ते खरंच आहे: तो उशिरा सापडतो. चारातल्या तिघींमध्ये निदान होतं तेव्हा तो पोटात पसरलेला असतो.

मग लवकर शोधा की, असं कुणीही म्हणेल. तसे प्रयत्न कसून झाले. १९८१मध्ये बोस्टनला रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कर्करोगाच्या पेशींना चिकटणारं एक प्रतिपिंड शोधलं. त्यातून रक्तातल्या सीए-१२५ या रेणूची चाचणी आली. आज तालुक्याच्या लॅबमध्येही ती होते. पण तिचा आकडा मासिक पाळीत वाढतो, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढतो आणि पोटाच्या क्षयातही वाढतो, जो आपल्या देशात काही दुर्मीळ नाही. तरीही ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर या चाचणीचा आणि सोनोग्राफीचा प्रदीर्घ अभ्यास झाला. २०२१मध्ये त्याचा अंतिम निकाल आला. रक्तचाचणीच्या गटात काही स्त्रियांचा रोग आधीच्या टप्प्यावर सापडला, पण मृत्यू कमी झाले नाहीत. वैद्यकाच्या इतिहासात एवढा मोठा, एवढा नेटका आणि एवढा निराश करणारा अभ्यास क्वचितच झाला असेल. कॅलेंडरच्या हिशेबाने जे लवकर, ते या रोगाच्या हिशेबाने लवकर नव्हतं. असं का व्हावं, हे समजायचं तर पेशींच्या आपसातल्या बोलण्यात शिरावं लागतं.

शरीरातली कुठलीही पेशी स्वतःच्या मर्जीने वाढत नाही. वाढ, थांब, जागा सोड, मर, असे निरोप तिला सतत बाहेरून येत असतात. निरोप म्हणजे बहुतेक वेळा एखादा रेणू. तो पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतो. रेणू बाहेरच राहतो, पण रिसेप्टरचा आतला भाग बदलतो. तो शेजारच्या प्रथिनाला बदलतो, ते पुढच्याला, आणि ही साखळी केंद्रकापर्यंत जाऊन तिथली काही जनुकं चालू किंवा बंद करते. या साखळीला संकेतमार्ग म्हणतात.

बदलतो म्हणजे नेमकं काय होतं? तर प्रथिनावर एक फॉस्फेट बसवला जातो. फॉस्फेट बसला की प्रथिनाचा आकार किंचित वळतो आणि ते कामाला लागतं. काढला की थांबतं. फॉस्फेट बसवणाऱ्या विकरांना कायनेज म्हणतात. माणसाच्या जनुकसंचात अशी पाचशेच्या वर कायनेजं आहेत. यांतल्या एका महत्त्वाच्या प्रकाराचा शोध कसा लागला ती हकीकत मला फार आवडते. १९७९मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये टोनी हंटर कर्करोगकारक विषाणूच्या प्रथिनावर प्रयोग करत होते. फॉस्फेट कुठल्या अमिनो आम्लावर बसतो हे त्यांना पाहायचं होतं. त्या दिवशी त्यांनी ताजं द्रावण केलं नाही, जुनंच वापरलं. वापरून वापरून त्याची आम्लता थोडी वाढली होती. ताज्या द्रावणात जे दोन ठिपके एकमेकांवर पडले असते ते त्या जुन्या द्रावणात वेगळे झाले, आणि फॉस्फेट टायरोसीन नावाच्या आम्लावरही बसतो हे पहिल्यांदा दिसलं. आमच्या क्षेत्रात विद्यार्थ्यांना द्रावण ताजं करा म्हणून रोज बजावलं जातं. हंटर यांचं नाव त्यांच्यापुढे मुद्दाम काढू नये हे बरं.

हा तपशील महत्त्वाचा यासाठी, की वाढीचे बहुतेक मोठे निरोप टायरोसीन कायनेजांमार्फत जातात आणि आधुनिक कर्करोग-औषधांचा मोठा भाग याच कायनेजांना बंद पाडतो. २००१मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगावर इमॅटिनिब आलं. त्या रोगात एकच बिघडलेलं कायनेज सतत चालू असतं. गोळीने ते बंद केलं आणि एकेकाळी काही वर्षांत मरणारे रुग्ण दशकानुदशकं जगू लागले. साहजिकच सगळ्यांनी ठरवलं, की प्रत्येक कर्करोगात असं एक कायनेज शोधायचं आणि बंद करायचं. अंडाशयाच्या कर्करोगाने ही आशा धुळीला मिळवली.

मुळात अंडाशयाचा कर्करोग हा एक रोग नाही. त्याखाली निदान पाच वेगळे रोग येतात आणि त्यांचे संकेतमार्ग एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांतला सर्वांत मोठा, सुमारे सत्तर टक्के रुग्णांना होणारा आणि बहुतेक मृत्यूंना कारण असलेला प्रकार म्हणजे उच्च श्रेणीचा सीरस कर्करोग. आता गंमत अशी, की हा प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. २००१मध्ये नेदरलँड्समधल्या पॅथॉलॉजिस्टांनी काही निरोगी स्त्रियांचे अवयव तपासले. या स्त्रियांच्या घराण्यात हा रोग असल्याने त्यांनी अंडाशय आणि गर्भनलिका आधीच काढून घेतल्या होत्या. बिघडलेल्या पेशी सापडल्या त्या गर्भनलिकेत. पुढे बोस्टनला ख्रिस्तोफर क्रम यांच्या गटाने नलिकेचं झालरीसारखं टोक बारीक काप करून पाहिलं आणि रोगाचं माहेर तेच असल्याचं दिसत गेलं. शंभर वर्षं पॅथॉलॉजिस्ट नलिकेचे एक-दोन काप घेऊन बाकीची फेकून देत होते.

ते टोकच का? दर महिन्याला अंडाशयावरची बीजपुटी फुटते आणि तिच्यातला द्रव या झालरीवर सांडतो. त्या द्रवात स्त्रीबीजाबरोबर वाढीचे संदेशरेणू असतात, दाहाचे रेणू असतात आणि डीएनएला इजा करणारे ऑक्सिजनचे आक्रमक अणुसमूहही असतात. म्हणजे एकाच वेळी इजाही होते आणि वाढण्याचा निरोपही येतो. १९७१मध्ये इजिप्तचे महमूद फथल्ला यांनी लॅन्सेटमध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं: अखंड चालणारी बीजमोचनं हेच या कर्करोगाचं मूळ असावं. जागा त्यांनी अंडाशयाची सांगितली होती, पण तर्क टिकला. ज्या स्त्रियांची बीजमोचनं गरोदरपणाने, अंगावर पाजण्याने किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी थांबलेली असतात त्यांना हा रोग कमी होतो. गोळ्या पंधरा वर्षं घेतल्या तर धोका जवळपास निम्मा होतो. आणि माणसाखेरीज आपणहून हा कर्करोग होणारा ठळक प्राणी कोणता, तर रोज अंडी घालणारी कोंबडी.

इजा झालेल्या पेशीला थांबवणं हे पी-५३ या प्रथिनाचं काम. डीएनए तुटला की काही कायनेजं त्या तुटीची बातमी फॉस्फेटच्या साखळीने पी-५३पर्यंत पोचवतात. पी-५३ पेशीचं विभाजन रोखतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. हे प्रथिन १९७९मध्ये सापडलं आणि पुढची दहा वर्षं ते कर्करोग घडवतं असं सगळे समजत होते. ते रोखतं हे १९८९मध्ये स्पष्ट झालं. २०११मध्ये अमेरिकेतल्या कर्करोग-जनुकसंच प्रकल्पाने उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगाच्या ४८९ गाठींची पाहणी प्रसिद्ध केली. तिच्यात ९६ टक्के गाठींत पी-५३चं जनुक बिघडलेलं होतं. एवढी एकवाक्यता मोठ्या कर्करोगांत क्वचितच दिसते.

त्याच पाहणीची दुसरी बाजू कायनेजवाल्यांना हताश करणारी होती. पी-५३ सोडला तर दुसरं कुठलंही जनुक बहुसंख्य गाठींत बिघडलेलं नव्हतं. त्याऐवजी गुणसूत्रांचे तुकडेच्या तुकडे गायब झालेले, दुप्पट-चौपट झालेले, भलत्याच जागी चिकटलेले होते. थांबवणारं कुणी नसल्याने पेशी तुटक्या डीएनएसकट विभागत राहिली होती आणि प्रत्येक विभाजनात वेगळा गोंधळ होत होता. एकाच बाईच्या पोटातल्या दोन गाठीही सारख्या नसतात, त्या यामुळे.

वाढीचे मार्ग या गोंधळात चालू होतात हे खरं. पीआय-थ्री-के या मार्गाचंच घ्या. वाढीचा निरोप आला की हे विकर पेशीपटलातल्या एका मेदरेणूवर फॉस्फेट बसवतं, त्यामुळे एकेटी हे कायनेज पटलाशी ओढलं जातं आणि 'मरू नकोस, खा, वाढ' असा हुकूम सुटतो. पीटेन नावाचं प्रथिन तो फॉस्फेट काढून हुकूम मागे घेतं. १९९२मध्येच फिलाडेल्फियातल्या संशोधकांना अंडाशयाच्या काही गाठींत एकेटीच्या एका जनुकाच्या जादा प्रती सापडल्या होत्या. २०११च्या पाहणीत पीआय-थ्री-के आणि रास हा वाढीचा दुसरा मार्ग मिळून सुमारे ४५ टक्के गाठींत बिघडलेले दिसले. मग एकेटी बंद करणारं औषध द्यावं, रोग थांबेल? नाही थांबला. पाटाच्या पाण्याला एका चरीवर दार धरलं, की पाणी थांबत नाही, ते शेजारच्या चरीला वळतं. तसं एकेटी बंद पडल्यावर पेशी पृष्ठभागावर जास्त रिसेप्टर आणते आणि तोच निरोप रासच्या मार्गाने आत घेते. दोन्ही मार्ग एकदम बंद करावेत, तर औषधांचा त्रास रुग्णाला सोसत नाही, कारण निरोगी पेशीही याच मार्गांवर जगतात. या रोगात अशी बरीच औषधं चाचण्यांत मागे पडली आहेत. माझं मत विचाराल तर एका मार्गावर एक गोळी हे गणित या प्रकाराला कधी लागूच नव्हतं आणि ते लागू करण्यात बरीच वर्षं गेली.

पेशी एकट्या असत्या तरी एवढं अवघड नव्हतं. या रोगाचं खरं वेगळेपण आहे ते पोटातल्या पाण्यात. बहुतेक कर्करोग रक्तातून किंवा लसिकेतून दूर जातात. हा मुख्यतः जलोदराच्या पाण्यातून पसरतो. पेशी गाठीपासून सुटतात, लहान-लहान गोळे करून तरंगतात आणि पोटाच्या अस्तरावर, आतड्यांवर, श्वासपटलाखाली कुठेही रुजतात. हे पाणी येतं कुठून? १९८३मध्ये बोस्टनला हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाने गिनीपिगांच्या जलोदरातून एक पदार्थ ओळखला. गाठीतल्या पेशी तो सोडतात आणि त्याने रक्तवाहिन्या पाझरू लागतात. १९८९मध्ये नेपोलिओन फेरारा यांच्या कामातून त्याची रचना आणि आज रूढ असलेलं नाव मिळालं: व्हीईजीएफ. तो वाहिन्यांना पाझरायलाही लावतो आणि नव्या वाहिन्या फुटायलाही लावतो. म्हणजे गाठ स्वतःच निरोप पाठवून स्वतःसाठी पाणी आणि रक्त दोन्ही मागवते.

त्या पाण्यात नुसतं पाणी नसतं. त्यात एलपीए नावाचा एक साधा मेदरेणू भरपूर असतो. तो या पेशींना वाढायला, हलायला आणि आणखी व्हीईजीएफ सोडायला लावतो. सीए-१२५ हे ज्या मोठ्या प्रथिनाचं अंग आहे ते पेशीच्या पृष्ठभागावर असतं आणि पोटाच्या अस्तरावरच्या मेसोथेलिन या प्रथिनाला घट्ट धरतं. ज्या रेणूकडे आपण चाळीस वर्षं नुसती निदानाची खूण म्हणून पाहिलं, तो रोगाला रुजायला मदत करतो. आणि रुजायची आवडती जागा कुठली, तर ओमेंटम, आतड्यांपुढे लोंबणारा चरबीचा पडदा. २०११मध्ये शिकागोच्या अर्न्स्ट लेंगेल यांच्या गटाने दाखवलं, की तिथल्या चरबीपेशी दाहाचे संदेशरेणू सोडून कर्करोगाच्या पेशींना खेचतात आणि त्या आल्यावर आपली चरबी त्यांना इंधन म्हणून देतात. शस्त्रक्रियेत ओमेंटम का काढतात असं नातेवाईक विचारतात, त्याचं हे एक उत्तर.

या पाण्यावरचं एक महत्त्वाचं काम पुण्यात झालं आहे. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या जलोदरातल्या पेशी वेगवेगळ्या करून वाढवल्या. बहुतेक पेशींच्या वंशावळी मवाळ निघाल्या. मोजक्यांनी मात्र तरंगणारे गोळे केले आणि उंदरांत पुन्हा-पुन्हा गाठी निर्माण केल्या. त्यांचं वागणं मूलपेशींसारखं होतं. हा निबंध २००५चा. पुढे याच गटाने स्नेल आणि स्लग या दोन प्रथिनांचा माग काढला. ही प्रथिनं पेशीला शेजारणीशी धरून ठेवणारा सांधा सोडवायला लावतात आणि त्याच वेळी पी-५३चा मरण्याचा हुकूमही बोथट करतात. म्हणजे जी पेशी फिरते तीच केमोला दाद देत नाही, हा योगायोग नव्हे. केमोने पोटातल्या बहुतेक पेशी मरतात, सीए-१२५ खाली येतो, घरात पेढे वाटले जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत रोग परत येतो. मागे राहिलेल्या थोड्या पेशी कोण, याचं उत्तर या कामातून मिळू लागलं.

व्हीईजीएफला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब २०११च्या दोन मोठ्या अभ्यासांत या रोगावर तपासलं गेलं. पाणी कमी झालं, रोगाची वाढ काही महिने लांबली, पण एकूण आयुष्य सर्वसाधारण रुग्णांत वाढलं नाही. हाताशी असावं असं औषध आहे, पण त्याने चित्र पालटलं नाही.

चित्र पालटलं ते वेगळ्या बाजूने. १९९०मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी कमी वयात होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचं आनुवंशिक मूळ सतराव्या गुणसूत्रावर आहे हे दाखवलं. तोवर स्तनाचा कर्करोग एकाच जनुकातून घराण्यात उतरतो यावर बहुतेकांचा विश्वास नव्हता. बीआरसीए-१ हे जनुक १९९४मध्ये आणि बीआरसीए-२ त्यानंतरच्या वर्षी हाती आलं. बीआरसीए-१ बिघडलेल्या स्त्रीला ऐंशीव्या वर्षापर्यंत अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के, बीआरसीए-२मध्ये सुमारे १७ टक्के. ही दोन्ही प्रथिनं डीएनएच्या तुटीच्या बातमीवर काम करतात: दोन्ही धागे तुटले की जोडीची शाबूत प्रत पाहून बिनचूक दुरुस्ती करायची. २०११च्या पाहणीत जवळपास निम्म्या सीरस गाठींत या दुरुस्तीच्या मार्गात कुठे ना कुठे खोट होती.

दुरुस्ती नसणं हे कर्करोगाचं कारण, तसंच ते त्याचं उणंही आहे. डीएनएचा एकच धागा तुटला तर पार्प नावाचं विकर ती बातमी पसरवून दुरुस्ती घडवतं. पार्प अडवलं तर ती छोटी तूट तशीच राहते आणि विभाजनाच्या वेळी मोठी होते. निरोगी पेशी ती बीआरसीएच्या साहाय्याने जोडते. बीआरसीए नसलेली पेशी जोडू शकत नाही आणि मरते. २००५मध्ये शेफील्ड आणि लंडन इथल्या दोन गटांनी नेचरच्या एकाच अंकात हे दाखवलं. नऊ वर्षांनी, २०१४मध्ये, पार्प अडवणाऱ्या ओलापॅरिबला मान्यता मिळाली. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुकतंच निदान झालेल्या, बीआरसीए बिघडलेल्या आणि केमोला प्रतिसाद दिलेल्या स्त्रियांमध्ये या गोळीने रोग वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका ७० टक्क्यांनी कमी झाला. या रोगात असा आकडा त्याआधी मी पाहिला नव्हता.

यातला फरक ध्यानात घ्यावा असं मला वाटतं. आधीची औषधं कर्करोगाने जे मिळवलं ते बंद करायला गेली. पेशीकडे त्याला पर्याय होते. पार्पचं औषध तिने जे गमावलं त्यावर बोट ठेवतं, आणि गमावलेल्याला पर्याय चटकन मिळत नाही. चटकन म्हणते, कारण कधीतरी मिळतो. काही गाठींत बीआरसीएच्या जनुकात दुसरा बिघाड होऊन पहिल्या बिघाडाची भरपाई होते, प्रथिन पुन्हा काम करू लागतं आणि औषध निकामी होतं. सिसप्लॅटिन या केमोच्या औषधाबद्दलही हेच घडतं, कारण तेही डीएनएला इजा करूनच मारतं.

बाकीच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. निम्न श्रेणीचा सीरस कर्करोग तरुण स्त्रियांना होतो, सावकाश वाढतो आणि केमोला फारशी दाद देत नाही. त्यात पी-५३ शाबूत असतं आणि रासचा मार्ग बिघडलेला असतो, म्हणजे इथे कायनेजचं गणित लागू पडतं. मे २०२५मध्ये अमेरिकेत या रोगासाठी दोन कायनेज-औषधांच्या जोडीला मान्यता मिळाली, केरास हे जनुक बिघडलेलं असेल तर. स्वच्छपेशी कर्करोग एंडोमेट्रिओसिसमधून उद्भवतो आणि त्यात पीआय-थ्री-के बऱ्याचदा बिघडलेलं असतं. एकाच नावाखाली तिघींना तीन वेगळे रोग असतील, तर 'शेजारणीला अमुक औषध लागू पडलं' या सल्ल्याला काय अर्थ उरतो?

आणखी एका औषधाकडे नेणारी एक हकीकत मुंबईची. १९२८मध्ये ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या पंडुरोगाचा तिने शोध घेतला आणि यीस्टच्या अर्काने, म्हणजे साध्या मार्माइटने, तो बरा होतो हे दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. गरोदरपणात आज सरकारी दवाखान्यातून जी गोळी मिळते तिची सुरुवात परळ-लालबागच्या गिरणगावातली. आता उच्च श्रेणीच्या सीरस कर्करोगाच्या बहुतेक पेशींवर फॉलेट आत घेणारा एक रिसेप्टर भरपूर असतो, निरोगी पेशींवर फारसा नसतो. पेशी त्याने निरोप ऐकण्यापेक्षा पोषण आत घेते. या रिसेप्टरला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला विष जोडून केलेलं औषध अमेरिकेत २०२२मध्ये प्रथम मान्य झालं. केमोला न जुमानणाऱ्या रोगात त्याने आयुष्य वाढवलं. पेशीने पोषणासाठी उघडलेल्या वाटेनेच विष आत जातं.

आता इथे बसलेल्यांच्या कामाचं. झालरीतल्या पहिल्या बिघाडापासून कर्करोगापर्यंत साधारण सात वर्षं जातात असा अंदाज आहे, पण त्या काळात गाठ सोनोग्राफीत दिसत नाही, आणि एकदा पेशी पाण्यात उतरल्या की पसरायला फार वेळ लागत नाही. ब्रिटनमधल्या त्या मोठ्या अभ्यासाचं अपयश बऱ्याच अंशी यात आहे. म्हणून आज तरी शोधण्यापेक्षा टाळणं हाती आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात २०१०पासून डॉक्टरांना आवाहन केलं गेलं, की दुसऱ्या योग्य कारणाने गर्भाशय काढताना किंवा कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया करताना, अंडाशय जागेवर ठेवून, गर्भनलिका पूर्ण काढण्याचा विचार करा. तिथल्या पाहणीत नलिका काढलेल्या स्त्रियांमध्ये सीरस कर्करोगाचा एकही रुग्ण आढळला नाही.

हे सांगताना मला भीतीही वाटते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या गर्भपिशव्या किती सहज काढल्या गेल्या, हे २०१९मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. सरकारला समिती नेमावी लागली. कर्करोगाची धास्ती घालून पिशवी काढायला लावणारा डॉक्टर आणि पुरावा पाहून नलिकेचा विचार करणारा डॉक्टर, दोघांच्या तोंडी शब्द सारखेच असू शकतात. तेव्हा दुसऱ्या कारणाने शस्त्रक्रिया ठरलेलीच असेल तेव्हाच हा प्रश्न विचारायचा. त्यासाठी शस्त्रक्रिया करून घ्यायची नाही. अपवाद फक्त बीआरसीएसारखा दोष सिद्ध झालेल्या स्त्रियांचा. त्यांनी मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर पस्तीस ते चाळीस आणि बीआरसीए-२ असेल तर चाळीस ते पंचेचाळीस या वयात अंडाशय आणि नलिका काढण्याचा सल्ला दिला जातो. त्याने धोका खूपच कमी होतो. पाळी अकाली जाते, हाडं आणि हृदय यांची काळजी घ्यावी लागते, हे आधी नीट समजून घ्यावं.

आणि हा दोष आईकडूनच येतो असं नाही. वडिलांकडून येण्याची शक्यता तेवढीच असते, निम्मी. आपल्याकडे डॉक्टरांनी घराण्याचा इतिहास विचारला की बायका आई, मावशी, आजी सांगतात. आत्या आणि चुलत बहीण राहून जाते. अंडाशयाचा कर्करोग झालेल्या साधारण पाच-सहा स्त्रियांमागे एकीत हा दोष जन्मजात असतो, म्हणून निदान झालेल्या प्रत्येकीची बीआरसीए चाचणी व्हावी. तिच्यासाठी औषध ठरतं आणि तिच्या बहिणी-मुलींसाठी धोका कळतो. परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी जनुकीय सल्ल्याची सोय आहे.

तेव्हा एक विनंती करते. घरी गेल्यावर एक कागद घ्या. आईकडच्या आणि वडिलांकडच्या दोन्ही बाजूंच्या बायकांची नावं लिहा, कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता आणि कितव्या वर्षी, ते पुढे मांडा. घरातल्या पुरुषांना स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल तर तेही. एकाहून अधिक नावं जमली, किंवा एकीलाही पन्नाशीच्या आत झाला असेल, तर तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि जनुकीय सल्ला मागा. तुम्हाला स्वतःला पोट फुगण्याची तक्रार तीन आठवड्यांहून जास्त असेल, तर गॅसची आणखी एक गोळी घेण्याआधी सोनोग्राफी करून घ्या.